२७,००० सदरे आणि एक सही



लढाई झाली की घराघरांत एक प्रश्न विचारला जातो, आणि तो मोठ्यांपेक्षा मुलेच सरळ विचारतात. शिपाई जखमी झाला तर त्याच्या औषधपाण्याचे पैसे कोण देतं? सरकार देतं, असे सांगून आपण विषय मिटवतो. पण आम्ही नर्सेस, ज्यांचे सगळे आयुष्य वॉर्डात गेले, आम्हांला ह्या उत्तराच्या पुढचे प्रश्न ठाऊक आहेत. सरकारने मंजूर केलेला पैसा त्या मुलाच्या खाटेपर्यंत पोचतो का? वाटेत तो कोणाकोणाच्या हातातून जातो? आणि पोचला नाही तर जाब कोणाला विचारायचा?

आजच्या लेखात आम्ही ह्याच गोष्टीबद्दल लिहिणार आहोत. सांगायची हकीकत १७० वर्षांपूर्वीची आहे आणि परक्या फौजेची आहे. पण वाचून झाल्यावर ती आपल्याला परकी वाटणार नाही. त्याआधी मात्र आपल्याच घरातला एक फार जुना हिशेब पाहू या.

मोशे रब्बेनूंचा हिशेब

शेमोथच्या पुस्तकाच्या शेवटी 'पेकुदे' नावाचा पाराशा येतो. सिनेगॉगमध्ये तो वाचला जातो तेव्हा पुष्कळांना डुलकी लागते, कारण त्यात नुसते आकडे आहेत. रानात मिश्कान उभारण्यासाठी लोकांनी सोने, रुपे, तांबे आणून दिले होते. काम झाले आणि मोशे रब्बेनूंनी सगळ्याचा हिशेब लोकांपुढे मांडला.

बालमित्रांनो, जरा वही-पेन्सिल घ्या. मोजणीत आलेले पुरुष होते ६,०३,५५०. प्रत्येकाने अर्धा शेकेल रुपे दिले. एकूण किती झाले? ३,०१,७७५ शेकेल. आता ३,००० शेकेलांचा एक किक्कार होतो. म्हणजे १०० किक्कार झाले आणि वर १,७७५ शेकेल उरले. तोरात अगदी हेच आकडे आहेत. १०० किक्कारांच्या बैठका ओतल्या आणि उरलेल्या १,७७५ शेकेलांतून खांबांचे आकडे वगैरे केले, असे लिहिले आहे. एक शेकेलसुद्धा इकडचा तिकडे नाही.

आपले हाखाम ह्यावर एक गोष्ट सांगतात. लोक मोशे रब्बेनूंच्या पाठीमागे कुजबुजू लागले होते, म्हणे. ज्याच्या हातात एवढे सोने-रुपे, तो गरीब कसा राहील? म्हणून त्यांनी हिशेब द्यायचे ठरवले. पण ते १,७७५ शेकेल कुठे गेले ते काही आठवेना. मग नजर वर गेली, खांबांचे आकडे दिसले, आणि हिशेब जुळला.

मिश्नामध्येही असाच एक नियम आहे. बेथ हामिक्दाशच्या तिजोरीतून पैसे काढायला जो आत जाई, त्याने दुमडलेल्या काठाचे वस्त्र किंवा पायांत जोडे घालून आत जायचे नाही. का? तर पैसे लपवले अशी शंकाही कोणाला येऊ नये. माणूस देवापुढे निर्दोष असून भागत नाही, त्याने लोकांपुढेही निर्दोष दिसले पाहिजे, असा त्याचा अर्थ.

मोशे रब्बेनूंनी हिशेब दिला, तर मग कारकुनाने, कोठावळ्याने, महापौराने आणि मंत्र्याने का देऊ नये? एवढे मनात ठेवून आता पुढची हकीकत वाचा.

स्कुतारीचे इस्पितळ

आम्ही हिंदुस्थानात शाळेत होतो तेव्हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलची ओळख 'दिवा घेतलेली बाई' अशी करून दिली जायची. रात्री हातात दिवा घेऊन ती जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरते, असे ते चित्र. चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. तिच्या दुसऱ्या हातात हिशेबाची वही होती, आणि तिने जे काम केले त्यातले मोठे काम त्या वहीने केले.

१८५४ साली इंग्लंड आणि फ्रान्स तुर्कस्तानच्या बाजूने रशियाशी लढत होते. लढाई काळ्या समुद्राकाठच्या क्रिमियात, आणि इंग्रज जखमींना जहाजांत घालून आणायचे ते कॉन्स्टॅन्टिनोपलसमोर स्कुतारीला. आज त्या जागेला उस्कुदार म्हणतात; आपल्यातले काही जण इस्तंबूलच्या सहलीला गेले असतील त्यांनी ती पाहिली असेल. तिथे तुर्की फौजेची एक प्रचंड मोठी बराक होती, तिचेच इस्पितळ केले होते. 'टाइम्स' वर्तमानपत्रात तिथल्या हालअपेष्टांच्या बातम्या छापून आल्या आणि विलायतेत हलकल्लोळ झाला. लोकांनी वर्गणी जमवून 'टाइम्स'कडे पाठवली. सिडनी हर्बर्ट नावाच्या मंत्र्याने फ्लॉरेन्स नाइटिंगेलला ३८ स्त्रिया बरोबर देऊन पाठवले. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी ती स्कुतारीला पोचली.

तिथे पैसा नव्हता का? पैसा मंजूर होता. माल नव्हता का? पुष्कळसा माल जहाजांनी पाठवला होता. मग शिपाई उघडे आणि उपाशी का? त्याचे उत्तर कारभाराच्या पद्धतीत होते.

इस्पितळाचा कारभार तीन खात्यांत वाटलेला होता. डॉक्टरने लागेल ते लिहून द्यायचे. कोठावळ्याने ते कोठारातून द्यायचे. कोठारात नसेल तर रसदखात्याने विकत घ्यायचे. प्रत्येक खात्याचे नियमांचे पुस्तक वेगळे. डॉक्टर म्हणणार, मी लिहून दिले. कोठावळा म्हणणार, माझ्या यादीत ही वस्तू नाही. रसदवाला म्हणणार, मला कोणी सांगितलेच नाही. तिघेही आपापल्या नियमाने बरोबर, आणि मध्ये शिपाई मरणार.

नियम कसे होते त्याचा एक नमुना सांगतो. शिपायाने इस्पितळात येताना आपल्या पाठीवरच्या पिशवीतून सदरा, चमचा, काटा घेऊन यायचे, असा नियम होता. पण क्रिमियात उतरल्यावर त्या पिशव्या मागे टाकून कूच करण्याचा हुकूम वरूनच आला होता. आता त्याने सदरा आणायचा कुठून? कोठावळा म्हणाला, नियमाप्रमाणे तो शिपायाकडे असला पाहिजे. म्हणजे कागदावर प्रत्येक जखमीच्या अंगात सदरा होता.

मग २७,००० सदरे विलायतेहून आले, किनाऱ्यावर उतरले. फक्त गाठोडी सोडायची बाकी. पण अधिकाऱ्यांची समिती बसून पाहणी करीपर्यंत गाठोडी सोडता येणार नाहीत, असे कोठावळ्याने सांगितले. बाईंनी विनवण्या केल्या. थंडीचे दिवस होते, माणसे कुडकुडत होती. समिती बसायला आणि सही व्हायला तीन आठवडे लागले.

दुसरा नमुना मांसाचा. प्रत्येकाला ठरलेल्या वजनाचा तुकडा मिळायचा, हाडासकट. कोणाच्या वाट्याला मांस येई, कोणाच्या वाट्याला नुसते हाड. हाडे काढून मग वाटा, असे नाइटिंगेलने सुचवले. उत्तर आले की त्यासाठी लष्कराचा नवा नियम करावा लागेल.

तिसरा नमुना क्रिमियातलाच. १८५४ च्या डिसेंबरात सुमारे २०,००० पौंड वजनाचा लिंबाचा रस बालाक्लावाच्या बंदरात येऊन पडला होता. शिपायांना स्कर्व्ही झाली होती, हिरड्या सुजून दात हलत होते, आणि त्यावर हेच तर औषध. पण रोजच्या शिध्याच्या यादीत लिंबाच्या रसाचे नाव नव्हते. म्हणून फेब्रुवारीपर्यंत तो वाटलाच गेला नाही.

ह्या सगळ्यांत चोरी कोणी केली असे म्हणता येणार नाही. पैसे कोणी खिशात घातले नाहीत. तरी पैसा वाया गेला आणि माणसेही गेली. सार्वजनिक पैशाचा गैरवापर म्हणजे नुसती चोरी नव्हे, हे आम्हांला येथे सांगायचे आहे. ज्या कामासाठी पैसा दिला त्या कामाला तो वेळेवर न लागणे, हाही गैरवापरच.

"सगळे ठीक आहे"

जागेवरच्या वरिष्ठांनी काय केले? 'टाइम्स'चा माणूस वर्गणीचे पैसे घेऊन कॉन्स्टॅन्टिनोपलला पोचला तेव्हा त्याला सांगण्यात आले की इस्पितळात काही कमी नाही. इंग्रज वकील लॉर्ड स्ट्रॅटफर्ड ह्यांनी तर सुचवले की त्या पैशांतून शहरात एक प्रॉटेस्टंट चर्च बांधावे! समुद्राच्या पलीकडच्या काठावर माणसे उघडी पडलेली, आणि इकडे हे उत्तर. अधिकारी आपल्या तोंडाने 'कमी आहे' असे म्हणायला तयार नव्हते, कारण तसे म्हटले की जबाबदारी अंगावर येते.

नाइटिंगेलने त्या वर्गणीतून आणि आपल्या जवळच्या पैशांतून बाजारात सामान विकत घेतले: सदरे, ताटल्या, घासायचे ब्रश, साबण. घर भाड्याने घेऊन तिथे पाण्याच्या मोठ्या डेगा बसवल्या आणि शिपायांच्या बायकांना मजुरी देऊन कपडे धुऊन घेतले. आणखी जखमी येणार होते आणि दोन वॉर्ड मोडकळीला आले होते. दुरुस्तीचा खर्च कोणी मंजूर करायचा ह्याचा घोळ चालू होता. तिने स्वतः २०० मजूर लावून वॉर्ड तयार केले. पुढे लष्करी खात्याने तो खर्च भरून दिला. प्रत्येक गोष्ट तिने लिहून ठेवली: काय मागितले, किती मिळाले, कोणत्या दिवशी. आम्ही नर्सेस ताप, नाडी आणि लघवी लिहून ठेवतो, तसेच तिने सरकारचे दुखणे लिहून ठेवले.

शिपायाच्याच पगारातून

आता खर्चाची गोष्ट, जी आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची. इंग्रज शिपायाचा पगार रोजचा एक शिलिंग, म्हणजे १२ पेन्स. तो इस्पितळात दाखल झाला की त्यातून कापून घेत. जखमी असेल तर रोज साडेचार पेन्स, आणि आजारी असेल तर ९ पेन्स!

म्हणजे गोळी लागली तर कमी कापायचे आणि खंदकात भिजून जुलाब लागले तर दुप्पट कापायचे. आजार काय त्याने हौसेने आणला होता? त्याच खंदकात, त्याच हुकमाने तो उभा होता. घरी बायको-मुले ह्या पैशांची वाट बघत होती. महाराणी व्हिक्टोरियाने शिपायांसाठी काय पाठवू, असे विचारले तेव्हा नाइटिंगेलने शाल-दुशाले मागितले नाहीत. तिने मागितले ते एवढेच की आजारी आणि जखमी ह्यांची कपात सारखी करावी. १८५५ च्या सुरुवातीला ते मान्य झाले.

शिपाई पगार दारूत उडवतात, असे साहेब लोक म्हणत. घरी पैसे पाठवायची सोय असेल तर ते पाठवतील, असे नाइटिंगेल म्हणाली. आधी ती स्वतःच आठवड्यातून एकदा बसून शिपायांचे पैसे जमा करून पाठवू लागली. मग सरकारने मनीऑर्डरची कचेरी उघडली, आणि सहा महिन्यांच्या आत शिपायांनी ७१,००० पौंड घरी पाठवले. शिपायाचा पैसा त्याच्या घरी सुखरूप पोचवणे हाही जबाबदारीचाच भाग आहे.

जाब विचारला, पण शिक्षा कोणाला?

२९ जानेवारी १८५५ रोजी पार्लमेंटमध्ये चौकशी समितीचा ठराव आला. ठरावाच्या बाजूने ३०५ आणि विरुद्ध १४८ मते पडली. लॉर्ड ॲबर्डीन ह्यांचे सरकार पडले. एका फौजेच्या हालांपायी सरकार जाते, ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

नव्या सरकारने दोन चौकश्या जागेवर पाठवल्या. एक आरोग्याची. त्या मंडळींनी मार्च १८५५ मध्ये स्कुतारीला येऊन इस्पितळाखालची गटारे साफ केली, मेलेली जनावरे आणि गाड्याच्या गाड्या घाण काढली, भिंतींना चुना दिला. फेब्रुवारीत शेकडा ४२ माणसे दगावत होती. जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा २ वर आले.

दुसरी चौकशी रसदेची, सर जॉन मॅक्नील आणि कर्नल टुलॉक ह्यांची. त्यांनी १८५६ साली अहवाल दिला आणि कोणत्या अधिकाऱ्याच्या हाताखाली काय पडून राहिले ते नावानिशी लिहिले. मग काय झाले? ज्यांची नावे आली ते रागावले. सरकारने सेनापतींचेच एक मंडळ चेल्सीला बसवले आणि त्या मंडळाने सगळ्यांना निर्दोष ठरवले. म्हणजे माणसे मेली हे खरे, पण चूक कोणाचीच नाही.

अशा वेळी पुष्कळ लोक थकून गप्प बसतात. नाइटिंगेल गप्प बसली नाही. घरी परतल्यावर तिने डॉक्टर विल्यम फार ह्या आकडेशास्त्र्याला बरोबर घेऊन मृत्यूंची मोजणी केली. १८५७ साली रॉयल कमिशन नेमायला भाग पाडले. आकड्यांचे रंगीत गोल काढले, म्हणजे मंत्र्याला वाचायचा कंटाळा आला तरी डोळ्यांनी दिसावे. रोगाने मेलेल्यांचा भाग एवढा मोठा, आणि जखमांनी मेलेल्यांचा त्यापुढे इवलासा.

त्या आकड्यांत तिच्या स्वतःच्या इस्पितळाची गोष्टही होती. पहिल्या हिवाळ्यात स्कुतारीला मृत्यूचे प्रमाण इतर इस्पितळांपेक्षा जास्त होते, कारण इमारतीखालीच गटार तुंबलेले होते. ती रात्रंदिवस राबत असतानाही माणसे मरत होती. १८५८ साली छापलेल्या मोठ्या अहवालात तिने हे झाकून ठेवले नाही. ज्या हिशेबात आपल्याकडचे वाईट आकडेही असतात, तोच हिशेब लोक खरा मानतात.

आपल्या पलटणींचा संबंध

ह्या बाईचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. आपल्या बेने इस्राएल लोकांची कित्येक घराणी कोकणातून निघून मुंबईच्या पलटणीत शिरली. समाजी हसाजी दिवेकर, ज्यांना आपण शमुएल दिवेकर म्हणतो, तेही पलटणीतलेच. म्हैसूरच्या लढाईत ते कैद झाले, आणि सुटून आल्यावर १७९६ साली त्यांनी मुंबईत 'शाआर हाराहामीम' सिनेगॉग बांधले. आपल्या जुन्या सिनेगॉगच्या मागे असा एक शिपाई उभा आहे.

१८५९ साली हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्यासाठी कमिशन नेमले गेले, त्यामागेही नाइटिंगेलच होती. ती स्वतः हिंदुस्थानात कधी आली नाही. तिने छावण्या-छावण्यांना प्रश्नांचे कागद पाठवले: पाणी कुठून येते, गटार कुठे जाते, इस्पितळात खाटा किती. १८६३ साली अहवाल आला. गोऱ्या शिपायांत दर हजारी वर्षाला ६९ मरत होते. देशी पलटणींच्या इस्पितळांत तर आजारी शिपायाने आपले खाणे आपणच बघायचे, असा रिवाज कागदोपत्री आढळला. आपल्या सुभेदारांच्या, हवालदारांच्या घरच्या लोकांनी डबा नेऊन किती फेऱ्या मारल्या असतील! पुढे सुधारणा झाल्या आणि १८७३ सालापर्यंत गोऱ्या शिपायांचा आकडा हजारी १८ वर आला. ही किमया औषधाने झाली नाही. कोणीतरी विचारले आणि कोणालातरी लेखी उत्तर द्यावे लागले, म्हणून झाली.

आपल्या देशात

आता इस्राएलकडे या. आपले राज्य एक वर्षाचे असताना, १९४९ साली, क्नेसेटने दोन कायदे केले. एक जखमी सैनिकांच्या निर्वाहाचा आणि पुनर्वसनाचा. दुसरा मेवाकेर हामेदिनाचा, म्हणजे सरकारचे हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा. तिजोरीत पैसा नव्हता, लोक तंबूंत राहत होते, पण हे दोन कायदे थांबले नाहीत. एका कायद्याने जखमीला पैसा दिला, दुसऱ्याने पैशाचा जाब विचारायची सोय केली. दोन्ही एकाच वर्षी झाले हे मुलांनी ध्यानात ठेवावे.

जखमी सैनिकांचा कायदा १९५९ साली नव्याने एकत्र मांडला गेला. त्याचे काम संरक्षण खात्याचा पुनर्वसन विभाग, आगाफ हाशिकुम, बघतो. सेवेत झालेली जखम मान्य झाली की तिच्या उपचाराचा खर्च सरकारचा. डॉक्टरांची समिती शेकड्यांत अपंगत्व ठरवते, आणि त्यावर पैसे किती ते ठरते.

पण 'मान्य झाली की' हे तीन शब्द वाचायला सोपे, पार करायला कठीण. २०१४ च्या गाझाच्या लढाईत लढलेल्या एका तरुणाने आपल्या मनाच्या जखमेसाठी वर्षानुवर्षे कचेरीच्या पायऱ्या चढल्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये, यॉम हाझिकारोनच्या तोंडावर, पेताह तिक्वाच्या त्या कचेरीबाहेर त्याने स्वतःला पेटवून घेतले. डॉक्टर-नर्सेसनी कित्येक महिने झटून त्याला जगवले. सारा देश हादरला. त्यानंतर 'नेफेश आहात', म्हणजे 'एक जीव', ह्या नावाने त्या विभागात सुधारणा हाती घेतली गेली. सुधारणा झाली हे चांगले. पण स्कुतारीसारखेच इथेही आधी एका जीवाला भोगावे लागले.

आणि मग ७ ऑक्टोबर २०२३ उजाडला. २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत आगाफ हाशिकुमकडे सुमारे २०,००० नवे जखमी आले, आणि त्यांतल्या अर्ध्याहून अधिकांची जखम मनाची आहे. हात तुटला तर दिसतो. मुलगा रात्री ओरडत उठतो, ते समितीच्या टेबलावर दाखवता येत नाही. इंग्रजांनी 'जखमी' आणि 'आजारी' असा भेद करून आजाऱ्याकडून दुप्पट कापले. आपण पैसे कापत नाही, पण न दिसणाऱ्या जखमेला दुप्पट वाट पाहायला लावू नये.

बरे, जखमी मुलगा इस्पितळातून सुटला की तो मंत्रालयात राहायला जात नाही. तो येतो दिमोनाला, अश्दोदला, लोदला, बेएर शेवाला, आपल्या गावी. तिथे रॅम्प आहे का, फुटपाथवरून चाकाची खुर्ची जाते का, आर्नोनाची सवलत त्याला कोणी समजावून सांगितली का, हे इरियाचे काम. सार्वजनिक जागा सर्वांना जाता येईल अशा करण्याचा कायदा १९९८ चा, आणि २००५ साली त्यात भर पडली. म्हणून गावच्या पैशाचा हिशेब आणि जखमी शिपायाचा खर्च ह्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

कसे विचारावे

आम्ही इतकी वर्षे वॉर्डात जे शिकलो त्यावरून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, कागद. घरी एक 'तिक' करा. जखम झाल्याच्या दिवसापासूनचा प्रत्येक कागद त्यात, तारखेने. कचेरीत गेलात तर कोणाशी बोललात, कोणत्या दिवशी, काय म्हणाले, हे घरी येऊन लगेच लिहा. तोंडी 'यिहिये बेसेदेर' वर विश्वास ठेवून उठू नका. उत्तर लेखी मागा. मूळ कागद देऊ नका, नक्कल द्या.

दुसरी गोष्ट, तक्रार. मेवाकेर हामेदिनाच्या कचेरीत १९७१ पासून लोकांच्या तक्रारी घेणारा विभाग आहे. सरकारी खाते असो की इरिया, तक्रार करायला फी नाही. सैन्यात सेवा करीत असलेल्या मुलांसाठी १९७२ पासून निराळा तक्रार अधिकारी आहे. गप्प बसून हळहळण्यापेक्षा एक पत्र बरे.

तिसरी गोष्ट, गावचा हिशेब. इरियाचा स्वतःचा हिशेब तपासनीस असतो आणि तो दरवर्षी अहवाल देतो. १९९८ च्या माहितीच्या कायद्याने, होक होफेश हामेदाने, आपल्याला लेखी माहिती मागता येते आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. रॅम्पसाठी किती ठेवले होते, किती खर्च झाले, विचारा. कायद्यात 'हियुव इशी' अशीही तरतूद आहे. अधिकाऱ्याने गावचा पैसा बेकायदा खर्च केला तर तो त्याच्या स्वतःच्या खिशातून वसूल करता येतो. हे अधिकाऱ्यांना ठाऊक असते. आपल्यालाही ठाऊक असू द्या.

चौथी गोष्ट, बोलणे. खिडकीपलीकडे बसलेली बाई आपली शत्रू नव्हे. तिच्यापुढे शंभर तिक असतात. स्कुतारीचा कोठावळाही राक्षस नव्हता, घाबरलेला नोकर होता. नियम मोडून दिले तर आपल्या पगारातून कापतील, ही त्याची भीती. नियम नकोत असे आम्ही म्हणत नाही. नियम नसले तर सदरे चोरीला जातील. पण नियमात दोन गोष्टी लिहिलेल्या पाहिजेत: सही कोण करणार आणि किती दिवसांत. तेवढे नसेल तर तो नियम नव्हे, कुलूप आहे. तेव्हा शांतपणे विचारा: "ह्याचा निर्णय कोण घेतं? कधीपर्यंत?" उत्तर लिहून घ्या.

हे सगळे हिब्रूत करायचे, आमच्याने कसे होणार, असे काही वडील मंडळी म्हणतील. तिथे मुलांचे काम येते. बालमित्रांनो, तुमचे हिब्रू आमच्यापेक्षा चांगले आहे. आजीआजोबांना पत्र लिहून द्या. शेजारी कोणी जखमी होऊन घरी आला असेल तर त्याच्या आईला विचारा, मावशी, एखादा फॉर्म भरायचा आहे का? आणि मागणे आपल्या लोकांना नवीन नाही. १९६४ साली आपल्या मंडळींनी येरुशलायीममध्ये धरणे धरून आपला मान मागितला आणि क्नेसेटला बोलावे लागले. तेव्हा कोणाला हिब्रू धड येत होते?

ज्या घरांत आज जखमी मूल आहे, शरीराने किंवा मनाने, त्या घरांना आम्ही सर्व निवृत्त नर्सेस रेफुआ शेलेमा इच्छितो. कचेरीत एकटे जाऊ नका. आपल्यापैकी कोणालाही हाक मारा, कागदांची पिशवी धरायला कोणीतरी नक्की येईल.